जंबूकाकांपासून मोगलीपर्यंत

१९९३ सालची गोष्ट. रविवारची सकाळ उजाडली की पुण्यातील मुले अंघोळीपूर्वीच दूरदर्शनच्या संचापुढे येऊन बसत. सदाशिव पेठेतील जुना वाडा असो की कोथरूडमधील नवी सदनिका असो, दृश्य एकच. पडद्यावर लांडग्यांच्या कळपात वाढलेला एक माणसाचा पोर झाडावरून झाडावर झेप घेई, आणि शेरखान वाघाने डरकाळी फोडली की धाकटी भावंडे आईच्या पदराआड होत. शेरखानाला आवाज दिला होता नाना पाटेकर यांनी. शीर्षकगीत गुलजार यांचे आणि त्याची चाल विशाल भारद्वाज यांची. संवाद हिंदी होते. परंतु पडद्यावरची चित्रे मात्र ना मुंबईत काढलेली होती, ना दिल्लीत. ती जपानी चित्रकारांनी काढली होती. 'निप्पॉन ॲनिमेशन' या संस्थेने रडयर्ड किपलिंग यांच्या 'जंगल बुक'वरून तयार केलेली ५२ भागांची ही मालिका ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली होती. तीच पुढे हिंदीचा वेष घेऊन भारतात आली.

या प्रवासात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. मोगलीचे अरण्य हे कोणते काल्पनिक अरण्य नव्हे. ते सिवनीचे, सातपुड्याच्या कुशीतले अरण्य होय. आणि त्यातून वाहणारी नदी म्हणजे वैनगंगा. हीच वैनगंगा पुढे गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतीला पाणी पाजीत, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत वर्धेला मिळते. किपलिंग यांचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा. त्यांचे वडील जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते आणि त्या शाळेच्या आवारातच हे मूल जन्मले. या लेखकाने सिवनी कधी पाहिली नाही. रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ साली सिवनीच्या रानावर एक पुस्तक लिहिले होते. तसल्या वर्णनांच्या आधारे किपलिंग यांनी अमेरिकेतील व्हर्माँट प्रांतात, बर्फाने वेढलेल्या घरात बसून मोगलीच्या कथा रचल्या. 'जंगल बुक' १८९४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वैनगंगेकाठची गोष्ट मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाने अमेरिकेत लिहिली, जपान्यांनी ती रेखाटली, आणि शंभर वर्षांनी ती पुण्याच्या मुलांना हिंदीतून ऐकावयास मिळाली. वैनगंगेच्या काठी मराठी बोलली जाते, एवढी एक गोष्ट या साऱ्या फेऱ्यात मागे राहून गेली.

असे का व्हावे? मराठीत मुलांच्या गोष्टी नव्हत्या काय? त्या गोष्टींना हलती चित्रे देणारे चित्रकार महाराष्ट्रात झालेच नाहीत काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास प्रथम पुण्याच्याच इतिहासाकडे वळावे लागते. ज्याला जुन्या पिढीने 'कार्टून' म्हटले आणि जपानी तऱ्हेच्या चित्रपटांमुळे जगाने पुढे 'ॲनिमे' म्हणून ओळखले, त्या कलेचा एक आरंभ पुण्यातही झाला होता.

प्रथम गोष्टींचा विचार करू जाता मराठीची पेटी चांगलीच भरलेली दिसते. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबई इलाख्यातील शाळांसाठी सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ साली बाहेर पडली. पंचतंत्राचा मराठी अवतार 'पंचोपाख्यान' त्याच्याही आधी, १८२२ मध्ये मुद्रित झाला होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या लेखणीने अरबी भाषेतील सुरस कथा पुण्याच्या घरांत आणल्या. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून निघू लागले, आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' मासिक १९०६ पासून. आजीच्या मांडीवर ऐकलेला कोल्हा, शाळेच्या पुस्तकातला कोल्हा आणि मासिकातला कोल्हा असे तीन कोल्हे एकाच मुलाच्या ओळखीचे होते. कथेचा तुटवडा हे कारण येथे मुळीच पुढे करता येत नाही.

आता हाताचा, म्हणजे कारागिराचा विचार करावा. या कलेतील पहिली पावले महाराष्ट्रात कोणी टाकली, याचे उत्तर दादासाहेब फाळके असेच द्यावे लागते. ज्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात किपलिंग जन्मले, त्याच शाळेत त्र्यंबकेश्वरच्या या तरुणाने चित्रकलेचे प्राथमिक धडे घेतले. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यासाठी भांडवल हवे होते. सावकारास चित्रपटाची करामत पटवून देण्यासाठी फाळके यांनी १९१२ च्या सुमारास एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा एका जागी पक्का केला, आणि दररोज थोडेथोडे चित्रण करीत महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची पाळत ठेवली. ती फीत सलग फिरविताच मातीतून अंकुर फुटून त्याचा वेल डोळ्यांदेखत वाढला. निर्जीवाला किंवा स्थिराला क्षणाक्षणाने टिपून जिवंत करणे, हेच या कलेचे मूळ सूत्र होय. त्याच सूत्राने त्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा चित्रपट तयार केला. त्यात आगपेटीतल्या काड्याच नटांचे काम करीत होत्या.

फाळके यांची ही मौज मौजच राहिली. तिचे शास्त्र पुढे चालविण्यास त्यांना ना वेळ होता, ना पैसा. परंतु वीस वर्षांच्या आत पुण्यात अशी एक संस्था उभी राहिली, की जिच्यापाशी या कलेला लागणारे जवळजवळ सर्व साहित्य एकत्र होते. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर आणि कुलकर्णी हे तिचे भागीदार. यांपैकी दामले आणि फत्तेलाल हे बाबुराव पेंटर यांच्या तालमीत तयार झालेले चित्रकार. पडदे रंगविणे, देखावे उभारणे, कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी पडद्यावर चमत्कार घडविणे या विद्यांत त्यांचा हात धरणारा विरळा. अशा त्या कलागृहात १९३४ साली 'जंबूकाका' नावाचा एक छोटा कार्टूनपट तयार झाला. त्याची चित्रे केळकर नावाच्या चित्रकाराने हाताने काढलेली होती. जंबूक म्हणजे कोल्हा. या नावातच पंचतंत्राचा आणि इसापनीतीचा वास आहे. आणि त्याला जोडलेला 'काका' हा शब्द तर थेट मराठी घराच्या ओसरीवरचा.

हिंदुस्थानात कार्टूनपट काढण्याचा प्रयत्न त्या सुमारास एकट्या पुण्यानेच केला असे नव्हे. १९३४ सालीच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनेही असा एक प्रयोग केला होता. तथापि पुण्याचा मान पहिल्या काहींत आहे यात शंका नाही. 'जंबूकाका' निघाला त्या वेळी वॉल्ट डिस्ने यांचा पहिला दीर्घ चित्रपट 'स्नो व्हाइट' पडद्यावर यावयास अजून तीन वर्षे अवकाश होता. मग पुण्याच्या कोल्ह्याला भावंडे का झाली नाहीत?

याचे उत्तर गणितात आहे. बोलपटाच्या फितीवर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एका मिनिटास १,४४० आणि दहा मिनिटांस १४,४०० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटींपुरते वापरले, तरी दहा मिनिटांच्या गमतीसाठी ७,२०० चित्रे हवीत. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा केसभर निराळे, आणि तरीही कोल्ह्याचे नाक तेच, शेपूट तीच. हे काम एकट्याने करावयाचे म्हटले तर वर्ष सरते. ते दहा-वीस जणांनी करावयाचे तर त्या सर्वांचा हात एकच व्हावा लागतो, आणि हात एक होण्यास वर्षानुवर्षे एकत्र काम करावे लागते. इकडे मिकी माऊस १९२८ मध्येच अवतरला होता. अमेरिकन कार्टूनपटांचा खर्च साऱ्या जगाच्या बाजारात वाटला जाई. मराठी कार्टूनपटाला मात्र मराठी मुलखातच तो भरून काढावा लागणार. प्रभातसारख्या संस्थेनेही मग आपले कसबी हात कोठे वापरले असते? ते 'अमृतमंथन'च्या भव्य देखाव्यांत आणि 'संत तुकारामा'च्या चमत्कारदृश्यांत कामी आले. १९३६ चा 'संत तुकाराम' पुढच्या वर्षी व्हेनिसला नावाजला गेला. प्रभातने चूक केली असे यावरून कोणी म्हणू नये. परंतु लहान मुलांचा कोल्हा एकटा राहिला, हेही तितकेच खरे.

आता याच काळातील जपानकडे पाहिल्यास तुलना उद्बोधक ठरते. तेथेही आरंभ असाच थोडक्याने झाला. १९१७ साली शिमोकावा, कोउची आणि कितायामा या तिघा चित्रकारांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काही मिनिटांचे कार्टूनपट काढले. यांपैकी सेइतारो कितायामा यांनी मुलांच्या लोककथा निवडल्या. 'माकड आणि खेकडा' ही १९१७ ची. त्यात माकड भोळ्या खेकड्याला फसविते आणि खेकड्याची पिल्ले त्याचे उट्टे काढतात. ज्याने पंचतंत्रातील माकड आणि मगर यांची गोष्ट ऐकली आहे, त्याला हे माकड परके वाटू नये. पुढच्याच वर्षी कितायामा यांनी 'मोमोतारो' काढला. मोमोतारो म्हणजे पीच फळातून जन्मलेला मुलगा. कुत्रा, माकड आणि रानकोंबडा यांना सोबत घेऊन तो राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. जपानातील प्रत्येक आजी ही गोष्ट सांगते.

या उद्योगावर संकटे काही कमी आली नाहीत. १९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले आणि त्यात आरंभीच्या पुष्कळ फिती नष्ट झाल्या. अमेरिकन कार्टूनपटांची स्पर्धा तेथेही होती. तरी काम थांबले नाही, कारण त्याला गिऱ्हाईक मिळत गेले. शाळांतून दाखविण्याचे बोधपट हवे होते. लहानलहान चित्रगृहे ते काढून देत राहिली. चार चित्रकार घरच्या घरी का होईना, पण सतत चित्रे काढीत राहिले, आणि त्यांच्या हाताखाली दुसरे चार तयार झाले.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती वगळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढे या कलेला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळाले ते आरमाराचे. १९४३ मध्ये तोच मोमोतारो पर्ल हार्बरवर विमाने घेऊन गेला. एप्रिल १९४५ मध्ये मित्सुयो सेओ यांचा ७४ मिनिटांचा चित्रपट पडद्यावर आला. तो जपानचा पहिला दीर्घ कार्टूनपट. त्यातले राक्षस म्हणजे इंग्रज सेनाधिकारी, आणि मोमोतारोची माकडे-कुत्री म्हणजे छत्रीधारी सैनिक. आजीच्या गोष्टीला गणवेष चढविला गेला. मुलांच्या कथेत सामर्थ्य असते म्हणूनच तिच्यावर सत्तेची दृष्टी जाते, याचे एवढे उघड उदाहरण दुसरे सापडणे कठीण. आणि तरीही, बाँबहल्ल्यांनी ओस पडलेल्या ओसाका शहरात तो चित्रपट पाहताना एका तरुण प्रेक्षकाच्या मनात भलतीच ठिणगी पडली. त्याला युद्ध दिसले नाही, चित्रे दिसली. त्याचे नाव ओसामू तेझुका. आपणही एक दिवस असा चित्रपट काढू, असा निश्चय त्याने तेथे केला.

युद्ध संपले. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. आणि मग असे एक वर्ष आले, की ज्या वर्षी दोन्ही देशांतील ही कला जणू एकाच रेघेवर उभी होती. ते वर्ष १९५६. त्या वर्षी टोकियोत 'तोएई डोगा' ही कार्टूनपटांची कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्ने यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स हे मुंबईच्या चित्रकारांना शिकविण्यासाठी आले. १९३० च्या दशकापासून या कलेत धडपडणारे गोखले त्या विभागात होते, आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे गुरू ठरलेले राम मोहन तेथेच उमेदवारीस लागले. १९५७ साली या विभागाने जातककथेवरून 'बनियन डिअर' हा चित्रपट काढला. आपल्या कळपासाठी स्वतःचे प्राण देऊ करणाऱ्या मृगाची ती गोष्ट. तोएईचा पहिला रंगीत दीर्घ चित्रपट आला १९५८ मध्ये. त्याची कथा चिनी दंतकथेतील श्वेतनागिणीची. दोघांनीही जुन्या पौर्वात्य कथेनेच प्रारंभ केला.

येथून पुढे वाटा फुटल्या. फिल्म्स डिव्हिजनचे काम लोकशिक्षणाचे होते. चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखविण्याच्या छोट्या पटांत बचत, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय प्राधान्याने येत. त्या कामाचे मोल कमी नाही. परंतु मुलांची गोष्ट हे त्या विभागाचे नित्यकर्म नव्हते. तोएईचे मात्र तेच नित्यकर्म होते. तेथे दरवर्षी मुलांसाठी दीर्घ चित्रपट निघू लागला. पेरो यांच्या कथेवरील 'बूट घातलेले मांजर' १९६९ मध्ये आले आणि स्टीव्हन्सन यांच्या 'ट्रेझर आयलंड'चे प्राण्यांच्या रूपातले अवतरण १९७१ मध्ये. ओसाकाच्या त्या तरुणानेही आपला निश्चय खरा केला. १ जानेवारी १९६३ पासून तेझुका यांची 'अॅस्ट्रो बॉय' ही साप्ताहिक मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास भरावयाचा तर सेकंदाला बारा चित्रे काढणेही परवडणारे नव्हते. तेझुका यांनी ती संख्या आणखी खाली आणली. ओठ हलतात पण चेहरा स्थिर, माणूस उभा पण मागचा देखावा सरकतो, अशा युक्त्यांनी काम भागविले. कलावंतांनी नाके मुरडली. पण या काटकसरीमुळेच शेकडो चित्रकारांना बारमाही काम मिळाले.

या बारमाही कामाचे फळ १९७४ साली दिसले. योहाना स्पीरी या स्विस लेखिकेने १८८० मध्ये लिहिलेली 'हायडी' ही आल्प्समधील पोरक्या मुलीची गोष्ट. जपानी चित्रकारांनी तिची ५२ भागांची मालिका केली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, दृश्यरचना हायाओ मियाझाकी यांची, आणि पात्रांची रूपे योइची कोताबे यांनी घडविलेली. चित्रे काढण्याआधी ही मंडळी स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन आली. गवताची गंजी, शेळ्यांची चाल, चुलीवर वितळणारे चीज यांची त्यांनी बारकाईने टिपणे घेतली. या मालिकेत राक्षस नाही, युद्ध नाही. आजोबा, नात, डोंगर आणि रोजचे जेवण एवढ्यावर पूर्ण वर्षभर मुले खिळून राहिली. तेव्हापासून दरवर्षी एक अभिजात बालकथा घ्यावयाची आणि ती वर्षभर सांगावयाची, असा शिरस्ता पडला. १९७५ मध्ये बेल्जममधील मुलाची आणि कुत्र्याची कथा आली. १९७६ मध्ये आईच्या शोधात इटलीहून अर्जेंटिनास निघालेल्या मार्कोची आणि १९७९ मध्ये कॅनडातील अनाथ ॲनची. मोगली हा याच घराण्याच्या पंगतीतला पुढचा पाहुणा.

योगायोग असा, की १९७४ हेच वर्ष भारतीय बालचित्रांच्या इतिहासातही लक्षात राहिले आहे. विजया मुळे यांनी त्या वर्षी 'एक अनेक और एकता' हा छोटा पट तयार केला. त्याची चित्रे भीमसेन यांची. एकजुटीने जाळे घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची ती पंचतंत्रातील जुनी गोष्ट, सोप्या रेषांत आणि गाण्यांत गुंफलेली. भारतातील एका सबंध पिढीला ती पाठ आहे. तिच्यात गुणाची उणीव कोठेच नाही. उणीव आहे ती लांबीची आणि संख्येची. तिकडे हायडीला बावन्न आठवडे मिळाले. इकडे पक्ष्यांना सात मिनिटे.

मराठीपुरते बोलावयाचे तर बालकथा पडद्यावर आलीच नाही असे नव्हे. साने गुरुजींची 'श्यामची आई' आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणली, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक तिला मिळाले. म्हणजे कथा होती, दिग्दर्शक होते, प्रेक्षक तर होतेच. परंतु जिवंत नटांकडून श्याम उभा करता येतो. बोलका कोल्हा, ज्ञानी अस्वल किंवा जाळ्यासह उडणारे पक्षी उभे करावयास रेषाच लागते. आणि रेषेचे ते काम 'श्यामची आई' आली त्याच वर्षी आणखी दुरावले, कारण १९५३ मध्येच प्रभातचे दरवाजे बंद झाले. त्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झाले. चित्रपट शिकविणे आणि चित्रपट जपणे या दोन्ही कामांचे पुणे हे केंद्र बनले. मुलांसाठी दर आठवड्याला चित्रे काढणारे घर मात्र या शहरात उभे राहिले नाही.

म्हणून १९९३ च्या त्या रविवारी जे घडले ते अपघाताने घडले नाही. ज्यांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षे हात चालू ठेवला, त्यांच्याकडे वैनगंगेची गोष्ट गेली. त्यांनी ती प्रेमाने सांगितली, हे मान्य केलेच पाहिजे. किपलिंग यांच्या पुस्तकात राज्यकर्त्या जमातीचा जो ताठा जागोजाग डोकावतो, तो जपानी मालिकेत पुष्कळ मावळला आहे. पण लांबून पाहणाऱ्याच्या चुकाही तीत आहेत. मोगलीचा एक सोबती म्हणून जपान्यांनी किची नावाचा तांबडा पांडा घातला. हा प्राणी मूळ पुस्तकात नाही आणि सिवनीच्या रानातही नाही. तो हिमालयात राहतो. गोंदियाच्या एखाद्या गुराख्याच्या पोराला ही चूक लगेच उमजली असती. हायडीसाठी आल्प्स पाहून आलेल्या मंडळींच्या परंपरेत ही ढिलाई खटकते खरी. परंतु तिचा दोष एकट्या परक्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. आपल्या रानाची चित्रे ज्यांनी काढावयाची, त्यांनी ती काढली नाहीत, म्हणून दुसऱ्यांनी अंदाजाने काढली.

हात टिकला की काय होते, याचा पुरावा त्याच १९९३ सालाने दिला. युगो साको हे जपानी निर्माते १९८३ मध्ये उत्खननांवरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले होते. तेव्हा रामकथेने ते भारून गेले. जपानी आणि भारतीय चित्रकारांनी मिळून 'रामायण' हा दीर्घ ॲनिमे चित्रपट तयार केला. जानेवारी १९९३ मध्ये नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रगृहांतही तो पुन्हा झळकला. साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर या चित्रपटाचे दिग्दर्शन करणारे भारतीय कोण? १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात उमेदवारी करणारे तेच राम मोहन. नमस्कारासाठी हात कसे जुळतात, धोतराच्या निऱ्या कशा पडतात, हे जपानी चित्रकारांना समजावून देणारा माणूस भारतात मिळाला, कारण सदतीस वर्षांपूर्वी सुरू झालेली एक शिकवणी मोडली नव्हती. येथे सिवनीतल्या पांड्यासारखी चूक टळली, ती या शिकवणीमुळे.

फाळके यांचा वाटाण्याचा वेल आणि केळकरांचा कोल्हा यांच्यामागे अशी शिकवणी उभी राहिली नाही. दोघांच्याही अंगी कसब होते. दोघांपुढेही गोष्टींची रास पडली होती. कमी पडला तो दुसरा दिवस, तिसरा दिवस, आणि त्या दिवसांची मजुरी देणारा कोणीतरी. जपानात ती मजुरी कधी शाळांनी दिली, कधी दुर्दैवाने आरमाराने, आणि शेवटी घरोघरच्या दूरचित्रवाणीने. महाराष्ट्रात कथा, मासिके, नाटक आणि चित्रपट यांना आश्रय मिळाला. मुलांच्या हलत्या चित्रांना तो मिळावयाचा राहिला.

त्या रविवारी मोगली पाहणारी मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्या मुलांच्या हातातील पडद्यावर साऱ्या जगाची कार्टूने हवी तेव्हा दिसतात, आणि चित्रे काढण्याची साधनेही घरातल्या मेजावर येऊन बसली आहेत. पूर्वी सात हजार चित्रांना जी मनुष्यशक्ती लागे ती आज लागत नाही. पंचतंत्र, इसापनीती, 'आनंद' आणि 'बालबोध' यांची जुनी पाने ग्रंथालयांत आहेत. वैनगंगाही वाहतेच आहे. १९३४ साली पुण्याने एका कोल्ह्याला 'काका' म्हणून मराठी घरात आणले होते. त्याच्या पाठोपाठ दुसरा कोण येतो, याची वाट पाहण्यात मराठी मुलांच्या तीन पिढ्या गेल्या. चौथीला तरी त्याची गाठ आपल्या भाषेत पडावी.